काळं फासलेली पाटी

मे २०२५ मध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचं नाव एकदम पाकिस्तान, बांगलादेश आणि इंडोनेशियातल्या हॅकर टोळ्यांच्या बातमीत छापून आलं. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या, म्हणजे ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर विभागाने ‘रोड ऑफ सिंदूर’ नावाचा अहवाल तयार केला होता. त्यात सुमारे १५ लाख सायबर हल्ले मोजले होते, पैकी यशस्वी ठरले जेमतेम १५०. आणि नावानिशी सांगितलेल्या मोजक्या ठिकाणांत बदलापूरची नगरपरिषद! तिचं संकेतस्थळ विद्रूप करण्यात आलं होतं.

तिथे चोरण्यासारखं असणार काय? नगरपरिषदेत तर २०२० पासून लोकनियुक्त सभागृहसुद्धा नव्हतं, प्रशासकाचा कारभार चालू होता. पण रातोरात दुकानाच्या पाटीला काळं फासण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. फासणाऱ्याला त्या दुकानातून काही घ्यायचं नसतं; सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी थबकून पाहावं, एवढाच हिशेब. कुलूप तकलादू दिसलं, तिथे हात मारला. त्याच दिवसांत मुंबई विमानतळाचा डेटा पळवल्याचीही बढाई हॅकरांनी मारली, ती सायबर विभागाने खोडून काढली. माझ्या मते खरा हल्ला ही बढाईच होती.

दुसरी फळी अफवांची. पाकिस्तानच्या सायबर हल्ल्यामुळे भारताची ७० टक्के वीजयंत्रणा बंद पडली, हा त्यातला गाजलेला दावा. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा ठरवला. आता अंबरनाथ-बदलापूरला मे महिन्यात वीज जाणं ही काही बातमी नव्हे. पण त्या आठवड्यात पंखा थांबला की माणूस ट्रान्सफॉर्मरऐवजी पाकिस्तानचं नाव घेणार. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यातल्या २६ मृतांत तिघे शेजारच्या डोंबिवलीचे; मनं आधीच हललेली होती. अशा वेळी अफवेला फार कष्ट पडत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या मजकुराचे ५,००० हून जास्त नमुने हटवल्याचं महाराष्ट्र सायबरने सांगितलं.

पण ८ मेच्या रात्री सगळ्यांत मोठी आवई आली ती आपल्याच वृत्तवाहिन्यांवरून: कराची बंदर उद्ध्वस्त! ही बातमी उल्हासनगरातही ऐकली गेली, म्हणून ती मला जास्त टोचते. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लोक कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. तिथल्या कितीतरी घरांत कराची हे शत्रूच्या नकाशावरचं टिंब नाही, आजोबांचं गाव आहे. बंदर जागच्या जागी होतं. हे खोटं पसरवायला परदेशी टोळी लागली नाही.

आणखी वर्षभर मागे गेलं तर खरोखरचा परदेशी हात सापडतो, पण तो फारच किरकोळ निघतो. २० मे २०२४ रोजी कल्याण आणि भिवंडीत लोकसभेचं मतदान झालं. त्याच महिन्याच्या शेवटी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जाहीर केलं की, स्टोइक या इस्रायली कंपनीशी जोडलेलं जाळं भाजपवर टीका आणि काँग्रेसची स्तुती करणाऱ्या टिप्पण्या यंत्राकडून लिहवून घेत होतं. भारतातल्या निवडणुकीवरचा हा उद्योग चोवीस तासांच्या आत बंद पाडल्याचा कंपनीचा दावा होता. लोकांनी त्या टिप्पण्यांकडे फारसं लक्षही दिलं नव्हतं. जाताजाता हेही सांगायला हवं, की २०२० मध्ये ईयू डिसइन्फोलॅबने उघड केलेलं १५ वर्षांचं, ११९ देशांत पसरलेल्या साडेसातशे बनावट माध्यमांचं जाळं दिल्लीतल्या एका उद्योगसमूहाशी जोडलेलं होतं. हे दुकान सगळेच मांडतात.

लोकसभेच्या त्या मतदानानंतर तीन महिन्यांनी, २० ऑगस्ट २०२४ ला, शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराने पेटलेलं बदलापूर रुळांवर उतरलं. लोकल संध्याकाळपर्यंत ठप्प. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले, आंदोलक बहुतेक बाहेरचे होते. इंटरनेट बंद झालं, अफवा पसरवल्याबद्दल एका तरुणीला अटकही झाली. ‘बाहेरचे’ हा शब्द किती लवचीक! कधी इस्लामाबादपर्यंत ताणता येतो, कधी शेजारच्या वांगणीपर्यंत.

अशा बनावट प्रचाराचा माग काढणारे सोशल मीडिया खात्यांच्या जन्मतारखा जुळवतात, पोस्ट पडण्याच्या वेळा पाहतात, दहा नावांनी आलेलं एकच वाक्य पकडतात. पण तोच मजकूर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिरला की धागा तुटतो. तिथे तो परदेशातून आलेला नसतो, काकांनी पाठवलेला असतो.

अशाच फिरत्या अफवांमुळे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा घातली. मुलं पळवण्याच्या अफवांसोबत तेव्हा देशभर एक व्हिडिओ फिरत होता. तो मुळात कराचीचा: मुलांच्या सुरक्षेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली जाहिरात. दोघे जण मोटारसायकलवरून येऊन मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि सावध राहा सांगणारा फलक दाखवतात. आपल्याकडे फिरला त्यात हा शेवटचा भाग कापलेला होता.