साथ आणि सामाईक जागा – लेखांक सहावा : अलॉटमेंटचे फाटक, नळ आणि चहाची खोली

मागील लेखांकात बंदिस्त मंडईंचा विचार झाला. या लेखांकात उघड्यावरच्या, परंतु अनेकांची ये-जा असलेल्या एका जागेचा, म्हणजे ब्रिटनमधील अलॉटमेंटचा विचार करावयाचा आहे. घरापुरता भाजीपाला व फळे पिकविण्यासाठी स्थानिक परिषदेने किंवा अन्य जमीनमालकाने वार्षिक खंडाने दिलेला जमिनीचा तुकडा म्हणजे अलॉटमेंट. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली. रूढ माप दहा रॉड, अर्थात सुमारे २५३ चौरस मीटर, म्हणजे मराठी वाचकाच्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे. मुंबईत रेल्वेने रुळांलगतची जमीन भाजीसाठी आपल्या कर्मचाऱ्यांना दिली, त्या व्यवस्थेशी याचे थोडे साम्य आहे. मात्र अलॉटमेंटचा लाभ कोणाच्या नोकरीशी बांधलेला नसतो.

२३ मार्च २०२० रोजी कोविड-१९ च्या साथीमुळे ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा बटाटे लावण्याचा हंगाम तोंडावर होता आणि बियाणे, रोपे विकणारी उद्यानकेंद्रेही बंद झाली होती. इंग्लंडच्या नियमावलीत व्यायामासाठी एकट्याने किंवा घरच्या माणसांसह बाहेर पडण्याची मुभा होती, आणि अलॉटमेंटवरील कष्ट त्या मुभेत धरले गेले. या निर्णयामागील तर्क बिनतोड होता, कारण वाहत्या हवेत आपापल्या वाफ्यात वाकून काम करणाऱ्या दोन माणसांमध्ये दोन मीटरांचे अंतर आपोआपच राहते.

धोका वाफ्यात नव्हता. तो सर्वांचे हात किंवा श्वास एकत्र येत अशा मोजक्या ठिकाणी होता. त्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील निष्कर्षानुसार हा विषाणू प्लास्टिक व पोलादावर ७२ तासांपर्यंत आढळला होता, त्यामुळे फाटकाचे आकड्यांचे कुलूप हा पहिला संशयित ठरला. कुलूप हाताळण्यापूर्वी व नंतर जंतुनाशक लावावे, खुरपे, फावडे, झारी एकमेकांत फिरवू नये, साबण व पाणी घरूनच न्यावे, असे नियम सांगितले गेले. कुलपाची ही भीती पुढे बरीच ओसरली. दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये नमूद केले. उलट, पावसाची सर आली की चौघे-पाच जण ज्या लाकडी खोलीत चहाला शिरत, ती बंद करण्याचा नियम सर्वांत कमी चर्चिला गेला आणि तोच, मागे वळून पाहता, सर्वांत शहाणपणाचा होता. कारण हा रोग मुख्यतः श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या थेंबांतून व सूक्ष्म कणांतून पसरतो आणि बंद हवेत ते कण साचतात.

नळाची गोष्ट या दोहोंच्या मधली. २०२० चा मे महिना इंग्लंडमध्ये नोंदींच्या इतिहासातील सर्वांत कोरडा मे ठरला, त्यामुळे सामाईक नळ किंवा झारी बुडवून भरण्याचा हौद टाळणे शक्यच नव्हते. प्रश्न पाण्याचा नव्हता, तोटीच्या चाकाचा व रांगेचा होता. हातमोजे घालून तोटी फिरवणे, पहिला झारी भरून दूर होईपर्यंत दुसऱ्याने आपल्या वाफ्यातच थांबणे आणि ज्याच्याजवळ शेडच्या छपराचे पाणी साठवणारे पिंप आहे त्याने नळाकडे न फिरकणे, एवढे पुरेसे होते.

याच काळात अलॉटमेंटवर पालापाचोळा पेटविण्यास झालेली मनाई काहींना अकारण वाटली, परंतु तिचा हेतू विषाणूला रोखण्याचा नव्हताच: दिवसभर घरात अडकलेल्या आणि खिडक्या उघड्या ठेवून बसलेल्या शेजाऱ्यांपैकी कोणाची छाती आधीच बिघडलेली असेल तर तो धूर त्यास मारक ठरला असता. पाचोळा कुजवून खत करण्याचा मार्ग तसाही मोकळा होता.

सर्वांत बिकट प्रश्न न येऊ शकणाऱ्यांचा होता. अलॉटमेंटधारकांत वृद्ध पुष्कळ, आणि गंभीर आजार असलेल्यांना तर बारा आठवडे घराबाहेर न पडण्याची पत्रे गेली होती. दुसरीकडे जमीन पडीक ठेवल्यास ती परत घेण्याची अट बहुतेक करारांत असते. अशा घरात अडकलेल्या खंडकऱ्याला मशागत न केल्याची नोटीस देणे म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा सल्ला पाळल्याबद्दल दंड करण्यासारखे होते. त्यापेक्षा काळे प्लास्टिक अंथरून, कडांवर विटा ठेवून तण दाबणे, शेजारच्या वाफेकऱ्याने आपल्या झारीने पाणी घालणे, आणि निघालेली भाजी दारात ठेवून मागे सरणे, ही कामे अलॉटमेंटची देखरेख करणाऱ्या समितीने फोनवरून वाटून देणे अधिक न्याय्य व सोपे होते.