विद्यापीठांतील रसायनशाळा

नागांवच्या वाड्यांतील नारळांचें खोबरेल पौष महिन्यांत बरणींत थिजतें, हें येथील कोणत्याहि घरांतील मुलास ठाऊक असतें. उष्णमान सुमारें 25 अंशांच्या खालीं गेलें कीं तें गोठूं लागतें. याच खोबरेलाचा साबण केला तर तो खारट पाण्यांतहि फेस देतो. शेंगदाण्याच्या तेलाचा केला तर त्याच पाण्यांत फेस कसाबसा येतो. असें कां व्हावें? असल्या प्रश्नांचा शोध घेणें आणि तो घेण्यास तरुणांस शिकविणें, हेंच जिचें काम आहे अशी एक मोठी शाळा आपल्यापासून फार दूर नाहीं. मांडव्याहून लाँचनें मुंबईस उतरावें व माटुंगा गांठावें, कीं ती आलीच. तिची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम साबणाचें कोडें सोडवूं. तेलाचा रेणु म्हणजे ग्लिसरीनला जडलेल्या तीन मेदाम्लांच्या सांखळ्या. कॉस्टिक सोड्याबरोबर तेल शिजविलें कीं या सांखळ्या सुटतात. ग्लिसरीन वेगळें होतें व मेदाम्लांचा साबण बनतो. खोबरेलांतील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो व त्याच्या सांखळींत कार्बनचे बाराच अणु असतात. शेंगदाण्याच्या तेलांतील बहुतेक सांखळ्या अठरा अणूंच्या असतात. आंखूड सांखळीचा साबण पाण्यांत सहज विरघळतो, आणि पाण्यांत मीठ असलें तरी तो लवकर बाहेर पडत नाहीं. साबणाचे कारखानदार कढईंत मीठ टाकून साबण वर आणतात. खोबरेलाच्या साबणास त्यांना पुष्कळ अधिक मीठ घालावें लागतें. कारखानदाराची ती अडचण म्हणजेच मचूळ विहिरीवर कपडे धुणाऱ्या गृहिणीची सोय! आणखी एक गोष्ट. एक ग्रॅम खोबरेलाचा साबण करण्यास सुमारें 250 मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतें, तर तितक्याच शेंगदाण्याच्या तेलास सुमारें 190 पुरतें. हा फरक न जाणतां एकाची कृति दुसऱ्यास लावली तर साबण तेलकट तरी राहतो, नाहीं तर अंगाची आग करतो.

आतां त्या शाळेकडे वळूं. इ. स. 1933 च्या ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या तारखेस मुंबई विद्यापीठानें रासायनिक तंत्रविद्येचा आपला विभाग स्थापन केला. जुन्या माणसांच्या तोंडीं तो 'यू. डी. सी. टी.' या आद्याक्षरांनींच राहिला आहे. मुंबई त्या वेळीं गिरण्यांचें शहर होतें. परंतु कापडास लागणारे रंग बहुतेक परदेशांतून येत. 1914 सालीं महायुद्ध सुरू होतांच जर्मनीचे रंग येईनासे झाले, आणि सूत आपलें व मजूर आपले असूनहि रंगाच्या पुडीसाठीं आपण परक्यांच्या तोंडाकडे पाहत होतों, हें सर्वांच्या ध्यानीं आलें. म्हणूनच या विभागांत आरंभीं वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकी हे दोन विषय शिकविले जाऊं लागले. त्याचा पहिला संसार फोर्टमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इमारतींत होता. 1943 सालीं तो माटुंग्यास स्वतःच्या जागेंत गेला.

डॉ. के. वेंकटरमण हे 1938 सालीं त्याचे पहिले भारतीय संचालक झाले व 1957 पर्यंत त्या पदावर होते. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड 1952 सालीं निघाले, आणि जे लोक एके काळीं आपणांस रंग विकीत त्यांच्याहि प्रयोगशाळांत ते वाचले जाऊं लागले. पुढें तेलें, औषधें, अन्नपदार्थ, प्लॅस्टिक अशा शाखा वाढत गेल्या. 2008 सालीं या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व 'इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी' या नांवानें ती आज चालते.

येथें एखादा पालक विचारील, 'रसायनशास्त्र तर आमचा मुलगा शाळेंतहि शिकतो. मग या विभागांत निराळें तें काय?' निराळें आहे तें प्रमाणाचें शास्त्र. परीक्षानळींत जी क्रिया मुकाट्यानें होते ती मोठ्या पिंपांत तशीच होईल, असें समजणें ही घोडचूक होय. दहा सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्यांत एक लिटर पाणी मावतें व त्याचें पृष्ठफळ 600 चौरस सेंटिमीटर भरतें. आतां एक मीटर बाजूचा घन घ्या. त्यांत हजार लिटर मावतात, परंतु पृष्ठफळ शंभर पटच, म्हणजे 60,000 चौरस सेंटिमीटर होतें. आंतील वस्तु हजारपट झाली आणि उष्णता बाहेर जाण्याची वाट शंभरपटच झाली. अर्थात् प्रत्येक लिटराच्या वाट्यास पूर्वीच्या दहावा हिस्सा पृष्ठभाग आला. लग्नाच्या पंक्तीसाठीं शिजविलेल्या भाताचा हंडा तासभरानें उघडला तरी आंतून वाफ येते. पानांतील घास मात्र बोलतां बोलतां निवतो. आचाऱ्यास हें अनुभवानें कळतें. पण हंड्यांतील पदार्थ स्वतःच उष्णता निर्माण करीत असेल तर? क्रिया उष्णता देते, उष्णतेनें क्रियेचा वेग वाढतो, वाढत्या वेगानें आणखी उष्णता निघते, आणि ती जाण्यास वाट अपुरी!

1984 सालच्या डिसेंबरच्या 2 व 3 तारखांमधील रात्रीं भोपाळ येथें हेंच घडलें. मिथाइल आयसोसायनेट या विषारी द्रव्याच्या टांकींत पाणी शिरलें. त्यांची क्रिया उष्णता निर्माण करूं लागली. टांकी थंड ठेवणारी यंत्रणा कांहीं महिन्यांपासून बंद होती. त्या वायूनें हजारों माणसें मेलीं. तीच दोन द्रव्यें कसलेल्या हातांनीं थेंबाथेंबानें एकत्र आणलीं असतीं तर प्रयोगाच्या वहींत दोन ओळी लिहून काम संपलें असतें. आपल्या रायगड जिल्ह्यांत महाड, रोहें, रसायनी, तळोजें येथें रसायनांचे कारखाने उभे आहेत, आणि त्यांत काम करणारे व त्यांच्या शेजारीं राहणारे आपलेच लोक आहेत. तेव्हां प्रमाणाचें हें शास्त्र जाणणारी माणसें आपल्या गांवांतून निघावीं कीं नाहीं, याचा विचार पालकांनींच करावा.

संशोधन म्हणजे लोकांस न कळणारें कांहीं तरी, अशीहि एक समजूत आहे. प्रा. मनमोहन शर्मा हे 1964 सालीं, सत्तावीस वर्षांचे असतांना, या विभागांत प्राध्यापक झाले. वायूचा बुडबुडा द्रवांतून वर जातांना त्यांतील वायु किती वेगानें द्रवांत शिरतो व तेथें त्याचा संयोग कसा होतो, हा त्यांचा विषय. बुडबुड्यांवर एवढा खल कशाला, असें कोणी म्हणेल. पण आपल्या थळच्या खतकारखान्याकडे पाहा. अमोनिया करण्यासाठीं नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतात, तेव्हां त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडहि निघतो. असल्या कारखान्यांत तो योग्य द्रावणांत शोषून वेगळा करावा लागतो, आणि पुढें त्याचाच अमोनियाशीं संयोग करून युरिया बनवितात. शोषणाचा मनोरा किती उंच बांधावा, हें त्या बुडबुड्याच्या गणितावरच ठरतें. शर्मा यांस 1990 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें आपलें सदस्य निवडलें.

त्यांच्याच हाताखालीं डॉ. रघुनाथ माशेलकर यांनीं 1969 सालीं पीएच. डी. मिळविली. गोव्यांतील माशेल गांवचा हा मुलगा. वडील लहानपणींच वारले, आणि आईनें मुंबईंत कष्ट करून त्यास शिकविलें. 1995 पासून 2006 पर्यंत ते देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. शिक्षक व शिष्य एकाच टेबलाशीं उभे राहून अद्याप कोणासच उत्तर माहीत नसलेला प्रश्न सोडवीत आहेत, ही विद्यापीठांतील रसायनशाळेची खरी खूण होय. नुसत्या टिपणांवर चालणारे वर्ग पुष्कळ आहेत. त्यांस शाळा म्हणावें, रसायनशाळा म्हणूं नये.

तेथें जाऊं इच्छिणाऱ्यानें बारावीपर्यंत गणित सोडूं नये. प्रवेश-परीक्षेंत तें लागतें व पुढें तर पदोपदीं लागतें. तूर्त घरींच करण्याजोगा एक प्रयोग सांगतों. मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीं एक पेला व एक मोठें पातेलें सारख्याच उष्णतेच्या पाण्यानें भरावें. दोन्ही भांडीं एकाच धातूचीं असावीं. दर पांच मिनिटांनीं उष्णमान पाहून लिहावें, असें तासभर करावें. मग दोहोंच्या रेषा एकाच आलेखावर काढून तो कागद शास्त्राच्या तासास आणावा.