हरवणाऱ्या चेंडूचा हिशेब

निवृत्तीनंतर व्यायाम म्हणून गोल्फ खेळावा, असा सल्ला आम्हांस एका स्नेह्यांनी दिला, तेव्हा काठ्यांच्या किमतीचा विचार आम्ही केला होता. चेंडूंचा केला नव्हता. गुजरातेतील एका मैदानावर पहिल्याच सकाळी नऊ होल कसेबसे पुरे केले आणि नव्याकोऱ्या डझनातले सात चेंडू झुडपांत व तळ्यात ठेवून परतलो. घरी हिशेब ऐकताच सौभाग्यवती म्हणाल्या, “डझनभर अंडी आणायला जावे आणि निम्मी वाटेतच फोडून यावे, तशातला हा प्रकार!” उपमा झोंबली, पण खोटी नव्हती. काठी वर्षानुवर्षे टिकते. नवशिक्याचा चेंडू झिजण्यापूर्वीच हरवतो.

बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आणि हैदराबादेत गोवळकोंड्याच्या किल्ल्यालगत गोल्फची मैदाने आहेत. तरी आपल्या घरांतून हा खेळ साहेबलोकांचा म्हणून दूरच राहिला. विटीदांडूला लागते ती एक फांदी, येथे मात्र खिशाला हात घालावा लागतो. खुद्द स्कॉटलंडातही एके काळी हीच तऱ्हा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील चेंडू पिसांचा असे. उंच टोपीभर पिसे उकळून मऊ करावयाची, चामड्याच्या इवल्याशा पिशवीत ठासावयाची आणि तोंड शिवून टाकावयाचे. वाळताना पिसे फुगत, चामडे आकसे, आणि चेंडू दगडासारखा कठीण होई. कसलेल्या कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीन-चारच चेंडू निघत. पावसात भिजले की त्यांची शिवण उसवे.

१८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडांच्या चिकापासून होणाऱ्या गटापर्चाचे चेंडू आले. ऊन पाण्यात मऊ करून वळता येणारा हा चेंडू पिसांच्या चेंडूहून पुष्कळच स्वस्त पडे, आणि बेताच्या मिळकतीचा माणूसही मैदानावर दिसू लागला. सेंट अँड्र्यूज येथील नामांकित कारागीर ॲलन रॉबर्टसन यास हे पाहवले नाही. या चेंडूवरूनच त्याचे आणि त्याचा सहकारी टॉम मॉरिस याचे बिनसले, आणि १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. पुढे आणखी एक मौज ध्यानात आली. नवा गुळगुळीत चेंडू लवकर खाली येई, तर ओरखडे पडलेला जुना चेंडू लांब जाई. आजच्या चेंडूवरील तीन-चारशे खळ्यांचा उगम त्या ओरखड्यांत आहे. जुना चेंडू विकत घेताना कमीपणा वाटणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य आठवावा.

आज दुकानात गेले की महाग चेंडू आणि स्वस्त चेंडू शेजारी शेजारी दिसतात. आकार दोहोंचा सारखाच. नियमाप्रमाणे व्यास ४२.६७ मिलीमीटरहून कमी नको आणि वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नको. फरक आहे तो पोटात. महाग चेंडूला तीन किंवा अधिक थर आणि वर युरेथेनचे मऊ वेष्टन असते. सराईत खेळाडूने जवळून मारल्यास तो फिरकी घेऊन हिरवळीवर जागीच थांबतो. साध्या चेंडूत रबराचा एकच गाभा आणि त्यावर सर्लिनसारखे चिवट वेष्टन. तो कमी फिरतो, त्यामुळे आमच्यासारख्याचा वाकडा फटका काहीसा कमी वाकडा जातो, आणि दगडावर आपटला तरी सहसा चिरत नाही. म्हणजे नवशिक्याला जो हवा, तोच स्वस्त आहे! असा योग संसारात क्वचितच येतो.

त्याहूनही स्वस्त मिळतात ते सापडलेले चेंडू. निवडताना उजेडात फिरवून पाहावे. किरकोळ खरचटलेला चालतो. चीर गेलेला, चिखलात पडून पिवळसर झालेला घेऊ नये. पुन्हा रंग दिलेला चेंडू वरून नवरीसारखा नटलेला असतो, परंतु आत काय दडले आहे हे कळत नाही. आम्ही एकदा फसलो आहोत. कोणा कंपनीचे नाव छापलेला चेंडू खुशाल घ्यावा, त्या छापाने उड्डाणात काही उणे येत नाही. सरावाच्या जागेवरील पट्टेवाले चेंडू मात्र मैदानाच्या मालकीचे. ते खिशात घालू नयेत. आणि घेतलेल्या प्रत्येक चेंडूवर आपली खूण करावी, असे खेळाचे नियमही सांगतात. आम्ही दोन हिरवे ठिपके काढतो.

हे चेंडू शोधून आणतात ते बहुधा कॅडी. कॅडी म्हणून मैदानावर वाढलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. परंतु सगळ्यांच्या नशिबी ते कोठून असणार? तळ्यात उतरून चेंडू काढताना माणसे बुडाल्याच्याही घटना घडलेल्या आहेत.

परवा अशाच एका पोराने फाटकाबाहेर आमच्यापुढे पिशवी उघडून धरली. वीसेक चेंडू होते. भाजीबाजारातल्या सवयीने आम्ही भाव पाडू लागलो. त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला. नडगीवर काट्यांचे ताजे ओरबाडे होते. “काका, पाणीमां ऊतरवुं पडे छे,” एवढेच तो म्हणाला. त्याने सांगितलेला भाव आम्ही मुकाट्याने दिला, पुन्हा तळ्यात उतरू नकोस असेही बजावले. त्याने मान हलवली, पण ती कितपत खरी हे आम्हांस ठाऊक होते.

घरी येऊन चेंडू धुवावयास घेतले. त्यांतल्या तिसऱ्यावर दोन हिरवे ठिपके होते.