घरखर्चाची वही, लेखांक ७ : स्वस्त गावाचा हिशेब

मुलुंडला वन बीएचकेला जेवढं भाडं पडतं, त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत साताऱ्यात टू बीएचके मिळतो. ही तुलना खरी आहे. घरून काम करायची मुभा मिळालेल्या कितीतरी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत एवढ्या एका तुलनेवर सामान हलवलं. भाड्यात वाचलेले पैसे महिन्याच्या शेवटी खात्यात दिसतीलच, असं गृहीत धरलेलं असतं. ते पूर्ण दिसत नाहीत, कारण भाडं ही वहीतली एक ओळ आहे आणि गाव बदललं की उरलेल्या ओळीही हलतात. काही खाली येतात, बऱ्याच जागच्या जागी राहतात, तर काही नव्याने लिहाव्या लागतात. निघण्याआधी ही सगळी वही मांडून बघायची, हे या आठवड्याचं काम.

सुरुवात सरकारच्या हिशेबापासून करू. सातव्या वेतन आयोगाच्या व्यवस्थेत केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत. मुंबई आणि पुणे ‘एक्स’मध्ये येतात. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर ‘वाय’मध्ये, आणि साताऱ्यासारखी पाच लाखांहून कमी वस्तीची गावं ‘झेड’मध्ये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, या वर्गांचे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. मूळ वेतन ५०,००० असेल तर मुंबईत भाड्यासाठी १५,००० आणि साताऱ्यात ५,०००. महागाई भत्ता मात्र दोन्हीकडे एकच, त्यात गावानुसार एका पैशाचा फरक नाही. काही मोठ्या शहरांत प्रवास भत्ता थोडा जास्त आहे, तेवढा सोडला तर सरकारने गावागावांतला खर्चाचा फरक जवळजवळ पूर्णपणे घराच्या खात्यात टाकला आहे. घरोघरचे हिशेब बघून माझंही मत हेच झालं आहे. भाडं बाजूला काढलं की महाराष्ट्रातल्या दोन गावांच्या महागाईत आपण समजतो तेवढं अंतर नसतं.

बरेच जण दोन शहरांचे महागाई निर्देशांक शेजारी ठेवून कुठलं शहर महाग ते ठरवतात. निर्देशांक त्यासाठी नसतो. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाच्या सध्याच्या मालिकेत २०१६ सालची पातळी १०० धरली आहे आणि ती प्रत्येक केंद्रासाठी स्वतंत्रपणे १०० आहे. मुंबईही १००, नागपूरही १००. त्यानंतर त्या त्या गावात भाव किती चढले, एवढंच तो आकडा सांगतो. नागपूरचा आकडा मुंबईच्या वर गेला तर नागपुरात भाव जास्त वेगाने वाढले असं म्हणता येईल. नागपूर मुंबईहून महाग झालं असं म्हणता येणार नाही.

घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीबद्दलही सावध राहायला हवं. २०२३-२४ च्या पाहणीत देशात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. हे वाचून ‘गावात चार हजारांत माणूस राहतो’ असा अर्थ काढला जातो. पण तो आकडा तिथले लोक काय विकत घेतात त्याचा आहे. ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही, घरात ब्रॉडबँड नाही, मुलाला क्लास नाही, त्याचा खर्च कमीच येणार. तुम्ही साताऱ्याला गेलात तरी सवयी मुलुंडच्याच घेऊन जाणार आहात.

म्हणून तुलना गावांच्या सरासरीची न करता आपल्याच घराची करायची. गेल्या बारा महिन्यांचं बँकेचं आणि यूपीआयचं स्टेटमेंट काढा. बाराच महिने, कारण जूनमधली शाळेची फी, दिवाळी, विम्याचा हप्ता आणि मे महिन्यातला प्रवास तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये सापडत नाही. मग प्रत्येक खर्चापुढे रुपयांऐवजी आधी नग लिहा. दूध रोज दीड लिटर, तांदूळ महिन्याला आठ किलो, सिलिंडर दोन महिन्यांत तीन, वीज २४० युनिट. त्या नगांना नव्या गावचा दर लावला की तुमचा आकडा मिळतो. दर फोनवर विचारून मिळत नाहीत. मंडईत, किराणा दुकानात, डेअरीवर स्वतः उभं राहावं लागतं आणि तेही आठवड्याच्या बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस असं.

नमुन्यादाखल एक कुटुंब घेऊ. नवरा खासगी कंपनीत, महिन्यातून दोनदा ऑफिसला जावं लागतं. बायको मुलुंडलाच क्लासमध्ये शिकवते. मुलगी सहावीत, आजी ७६ वर्षांच्या. मुलुंडचं भाडं ३२,००० आणि साताऱ्यात गोडोलीकडे बघितलेल्या घराचं १२,०००, असं धरू.

पहिली ओळ विजेची, कारण तिथे हमखास बचत धरली जाते. मुंबईत वीज बेस्टची, अदानीची, टाटाची असते, पण भांडुप-मुलुंडला ती महावितरणची आहे आणि साताऱ्यालाही महावितरणचीच. घरगुती दर तोच आणि टप्पेही तेच : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. युनिट तेवढेच राहिले तर बिलही जवळपास तेवढंच येईल. दादरहून किंवा बोरिवलीहून जाणाऱ्याने मात्र स्वतःच्या बिलावरचा ऊर्जा आकार, वहन आकार आणि स्थिर आकार महावितरणच्या बिलाशी ताडून बघावा. दर खाली येईल असं धरून चालू नये.

गॅसची गंमत वेगळी. मुंबईत घरगुती सिलिंडर राज्याच्या आतल्या भागापेक्षा स्वस्त पडतो, कारण आत जाईल तसा वाहतुकीचा खर्च किमतीत चढतो. फरक थोडा आहे, पण उलट्या दिशेचा आहे. बंद पाकिटातल्या वस्तूंवर छापील किंमत सगळीकडे तीच असते. तेल, साबण, बिस्किटं, चहा, डायपर यांत गाव बदलून काही वाचत नाही. उलट मोठ्या दुकानसाखळीत छापील किमतीखाली मिळायची सवय असेल तर दोन पैसे जास्तच जातात.

खरा फायदा भाजी, दूध आणि धान्यात आहे. मुलुंडची भाजी वाशीच्या बाजारातून फिरून येते, साताऱ्याची आसपासच्या तालुक्यांतून सकाळी येते. दुधातही फरक पडतो. गोकुळसारखा संघसुद्धा कोल्हापुरात आणि मुंबईत एकच दर लावत नाही. धान्याची बचत घराच्या आकारातून येते, हे फार कमी जण हिशेबात धरतात. मुलुंडच्या स्वयंपाकघरात पाच किलोची पिशवी ठेवायला जागा नसते. साताऱ्याच्या घरात एक खोली जास्त आहे, म्हणजे एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू, ज्वारी, कोरेगावचा घेवडा भरता येतो. उन्हं देऊन, निंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत ठेवलेलं धान्य महिन्याच्या किराण्यातून चांगली रक्कम कमी करतं. पण त्यासाठी उन्हाळ्यात एकदम आठ-दहा हजार हाताशी लागतात आणि ते निवडायला घरात कुणाला तरी वेळ लागतो. मासे खाणाऱ्या घराने मात्र हा फायदा कापून धरावा. घाटावर मासा कमी, शिळा आणि महाग.

आपल्या कुटुंबाचं किराणा-भाजी-दुधात महिन्याला १,५०० वाचतील, घरकामाच्या बाईंच्या पगारात १,२००, शाळेच्या फीमध्ये १,५०० आणि लोकलचा पास व रिक्षा मिळून ८००. भाड्याचे २०,००० धरून बेरीज २५,०००. बहुतेकांचा कागद इथे संपतो.

आता नव्या ओळी. पहिली वाहनाची. मुलुंडला स्टेशन, दवाखाना, शाळा, मंडई पायी होते. साताऱ्यात चढ-उतार आहेत, वस्ती पसरलेली आहे, आणि बायकोला क्लास व मुलीला शाळा वेगवेगळ्या दिशांना आली तर एका स्कूटरवर भागत नाही. एका स्कूटरचा हप्ता २,५०० आणि दोन्हींचं पेट्रोल-दुरुस्ती १,५००. दुसरी ओळ नवऱ्याच्या मुंबईच्या दोन फेऱ्या, त्या धरू ३,०००. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे, त्यामुळे कोयना एक्स्प्रेसच्या तिकिटात स्टेशनपर्यंतची रिक्षाही मोजायची.

तिसरी ओळ आजींच्या डॉक्टरांची. गुडघ्याचे आणि हृदयाचे जुने डॉक्टर मुंबईत आहेत आणि या वयात डॉक्टर बदलायला कुणी पटकन तयार होत नाही. ७५ वर्षांवरच्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, बायकोला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ही सवलत खरोखर मोलाची आहे, पण गुडघे दुखणाऱ्या बाईंना अडीचशे किलोमीटर बसने नेणं प्रत्येक वेळी जमत नाही. मोटार काढली की आणेवाडीचा टोल, खेड-शिवापूरचा टोल, आणि द्रुतगती मार्गावर एकेरी ३२०, एप्रिल २०२३ पासूनच्या दराने. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गावर चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही. दोन महिन्यांतून एक फेरी ५,००० ची धरली तर महिन्याला २,५०० झाले.

चौथी ओळ लग्नं, बारशी, गणपती आणि माहेर. सगळे नातलग मुंबई-ठाण्यात असतील तर वर्षाला २४,००० सहज जातात, म्हणजे महिन्याला २,०००. ही ओळ लिहायला लोकांना जड जातं. ‘आता कमी जाऊ’ असं म्हणतात आणि तितकंच जातात. जावंही. माणसं तोडून वाचवलेले पैसे मी तरी बचतीत धरणार नाही.

या नव्या ओळींची बेरीज ११,५००. निव्वळ बचत २५,००० वरून १३,५०० वर आली. आता मिळकतीची बाजू. बायकोला मुलुंडच्या क्लासमध्ये १२,००० मिळत होते, साताऱ्यात तशाच कामाचे ७,००० मिळतील असं धरू. उरले ८,५००. घरातल्या दुसऱ्या मिळकतीचा, बहुधा बाईच्या मिळकतीचा, विचार या निर्णयात सगळ्यात शेवटी होतो. माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा, कारण भाडं उद्या पुन्हा बदलता येतं पण सुटलेलं काम आणि जमवलेले विद्यार्थी परत मिळवायला वर्षं जातात.

पगारदाराने कराचीही एक ओळ तपासावी. जुनी करप्रणाली घेतली असेल तर घरभाडे भत्त्यावरची सूट मुंबईत पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत असते, साताऱ्यात ४० टक्क्यांपर्यंत. शिवाय प्रत्यक्ष भाडं कमी झालं की सूटही आटते. भाड्यात वाचलेल्या रुपयाचा काही हिस्सा करात जातो. नव्या प्रणालीत ही सूटच नाही, तिथे प्रश्न उरत नाही. आरोग्य विम्याचीही अशीच गोष्ट. काही कंपन्या शहरांचे गट पाडून हप्ता ठरवतात. छोट्या गावचा कमी हप्ता घेतला आणि उपचार मुंबईत केले तर बिलाचा काही भाग स्वतः भरावा लागण्याची अट असू शकते. पत्ता बदलण्याआधी पॉलिसीतली ती ओळ वाचून घ्या. मालकीचं घर असलेल्यांसाठी एक वेगळी नोंद : मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. दुसऱ्या गावात घर घेतलं की घरपट्टी सुरू होते.

शेवटी एकदाचा खर्च. ट्रक आणि हमाली २५,०००, दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी १२,०००, पंखे-गिझर-पडदे-जाळ्या २०,०००, मुलीचा प्रवेश, गणवेश, पुस्तकं २०,०००, आणि दोन्हीकडचं भाडं काही दिवस एकत्र भरावं लागलं त्याचे ८,०००. एकूण ८५,०००. महिन्याच्या ८,५०० ने भागलं तर दहा महिने. दहा महिन्यांपर्यंत हे कुटुंब मुलुंडच्या तुलनेत तोट्यात आहे, अकराव्या महिन्यापासून पहिला रुपया वाचतो. अकरा महिन्यांच्या करारानंतर मालकाने घर रिकामं मागितलं आणि पुन्हा ट्रक-दलाली आली, तर ही मुदत आणखी लांबते. म्हणून अशा घरासाठी भाडं हजार रुपयांनी जास्त गेलं तरी चालेल, पण करार तीन वर्षांचा मागावा.

हे आकडे माझे, नमुन्याचे आहेत. तुमच्या घरात आजी नसतील, बायकोचं काम लॅपटॉपवरचं असेल, तर निव्वळ बचत सोळा हजारांजवळ जाईल आणि साताऱ्याला जाणं हा फार चांगला निर्णय ठरेल. तुमच्या घरात दोघांचीही नोकरी मुंबईत असेल तर बचत शून्याखाली जाईल. वहीत आणखी एक ओळ मात्र प्रत्येकाने लिहावी : परतीचा खर्च. कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावलं, किंवा मुलीच्या अकरावीसाठी परत यायचं ठरलं, तर तेव्हाचं मुलुंडचं भाडं ३२,००० राहिलेलं नसेल. त्या दिवसाचं डिपॉझिट, दलाली आणि ट्रक यांसाठी सुरुवातीच्या बचतीतून किमान दीड लाख बाजूला पडेपर्यंत साताऱ्यात मोठी खरेदी करू नये. तिथला स्वस्त दिसणारा प्लॉटही तोवर थांबवावा.

प्लॉटचा विषय निघालाच आहे, तर एनए, सात-बारा आणि गुंठेवारी पुढच्या आठवड्यात.