द्राक्षगर्भ: पिशवी साफ केल्यानंतर

दिवस गेलेले, उलट्या नेहमीपेक्षा जास्त, अंगावरून थोडं थोडं जातंय, आणि सोनोग्राफीत बाळाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखे पाण्याचे फुगे. हा द्राक्षगर्भ. क्युरेटिंग होतं, बाई घरी जाते आणि बहुतेकींचं प्रकरण तिथेच मिटतं. काहींच्या मात्र वारेच्या पेशी मागे राहून वाढतात, फुफ्फुसापर्यंतही पोचतात.

मूळ कुठे?

गर्भधारणेच्या क्षणी. पूर्ण द्राक्षगर्भात स्त्रीबीजातली गुणसूत्रं नसतातच, सगळी पुरुषाकडची असतात. अपूर्ण प्रकारात दोनाऐवजी तीन संच येतात. बाईने काय खाल्लं, काय उचललं याचा काडीचाही संबंध नाही. हे सासरी सांगायलाच हवं. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण १५ ते २० टक्के बायकांना पुढे औषधं लागतात, अपूर्ण प्रकारानंतर फारच थोड्यांना.

कोणाला होतो?

वयाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे कोवळ्या वयात आणि चाळिशीनंतर, द्राक्षगर्भाचा धोका वाढतो. एकदा होऊन गेला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एक. तरीही रुग्णांत भरणा विशी-तिशीतल्यांचाच, कारण बाळंतपणं त्याच वयात होतात.

वारेच्या याच पेशींचा कर्करोग, कोरिओकार्सिनोमा, गर्भपातानंतर किंवा चांगल्या बाळंतपणानंतरही क्वचित होतो. तोच उशिरा सापडतो. बाळ रांगायला लागलेलं, आईच्या थुंकीतून रक्त, एक्स-रेत गाठी. अशा वेळी आपल्याकडे आधी क्षय आठवतो. रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे वारेच्या पेशींतून येणारं संप्रेरक, तपासलं तर उलगडा लवकर होतो. गाठीचा तुकडा काढायची सहसा गरज नसते, शिवाय त्यात जोरदार रक्तस्रावाची भीती असते.

गुणांचा हिशेब

क्युरेटिंगनंतर दर आठवड्याला बीटा एचसीजी बघतात. आकडा उतरायचा थांबला किंवा चढला तर पेशी जिवंत आहेत. मग वय, आधीचं गरोदरपण, मधला काळ, एचसीजी, गाठींचा आकार, जागा, संख्या आणि फसलेले उपचार यांना गुण देतात. ६ पर्यंत कमी धोका, ७ पासून जास्त.

समजा, २४ वर्षांची मुलगी, द्राक्षगर्भाला तीन महिने झालेत, एचसीजी ८,०००, गाठ लहान, पसरलेली नाही: गुण १. दुसरी ४१ वर्षांची (१), आधी पूर्ण दिवसांचं बाळंतपण (२), त्याला दीड वर्ष झालेलं (४). गाठ मोजण्याआधीच ७.

उपचार

पहिलीला मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅक्टिनोमायसिन यांपैकी एकच औषध बहुधा पुरतं. पुरलं नाही तर औषध बदलतात. दुसरीला पाच औषधं मिळून द्यावी लागतात. कमी धोक्याच्या जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात, जास्त धोक्याच्याही बहुतेक.

१९५६ साली अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी पसरलेला कोरिओकार्सिनोमा मेथोट्रेक्सेटने बरा करून दाखवला. गाठ दिसेनाशी झाली तरी एचसीजी उतरेपर्यंत औषध द्यायचं, हा लींचा हट्ट. त्यापायी त्यांना तिथली नोकरी सोडावी लागली. आज सगळे तसंच करतात.

नंतरचं वर्ष

खरी गळती इथे होते. बरं वाटतं, बाई माहेरी जाते, तपासण्या सुटतात. किंवा पुन्हा दिवस जातात आणि वाढलेला आकडा गर्भाचा की गाठीचा, हेच कळेनासं होतं. म्हणून औषधं संपल्यावर वर्षभर पाळणा लांबवायला सांगतात. त्यानंतर दिवस राहिले तर सोनोग्राफी लवकर करून घ्यावी.