क्लच नसलेल्या गाडीची थरथर

आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या रस्त्यावर ऑटोमॅटिक गाड्या आता पुष्कळ दिसतात. त्यांतल्या बऱ्याच नव्या नाहीत. एमएच १९ आणि एमएच १८ च्या गर्दीत एखादी एमएच १२ किंवा एमएच १५ ची दहा-बारा वर्षांची गाडी दिसली, की समजावे, पुण्या-नाशिकच्या मालकाने विकली आणि आपल्या माणसाने हौसेने, नाही तर गरजेने घेतली. गरजेने म्हणतो ते अशासाठी, की डाव्या पायात जोर नसलेल्या माणसाला क्लचची गाडी चालवता येत नाही. त्याच्या दृष्टीने ऑटोमॅटिक गाडी ही चैन नसते.

मी बरीच वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवले. निवृत्तीनंतरही लोक गाडी घेऊन दारात येतात. अशा जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांची एक तक्रार वारंवार ऐकायला मिळते. साठ-सत्तरच्या वेगाने गाडी छान चाललेली असते, पाय ॲक्सिलरेटरवर हलका टेकलेला असतो, आणि अचानक खालून थरथर येते. रस्त्यावरच्या रम्बलर पट्ट्यांवरून गाडी गेली की जसे वाटते, अगदी तसे. दोन-तीन सेकंद टिकते आणि जाते. पुन्हा येते. पारोळ्याचा एक शेतकरी मला म्हणाला होता, "भो, गाडी नुसती थरथर करस, पण मिस्त्रीपुढे उभी केली की गुपचूप ऱ्हास." त्याचे म्हणणे खरे होते. हा रोग उभ्या गाडीत दिसतच नाही.

आता क्लच नसलेल्या गाडीत थरथरते काय, हे पाहू. ऑटोमॅटिक गाडीला क्लचचे पेडल नसते, पण आत क्लच असतात, आणि ते एकाहून जास्त असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक भोपळ्यासारखा बंद डबा असतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी ऑईल असते, एवढाच फरक. हेरमान फोटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली ही युक्ती काढली, तीही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. या रचनेमुळे गाडी सिग्नलला गिअरमध्ये उभी राहू शकते आणि इंजिन बंद पडत नाही.

पण वाऱ्याने फिरणारा पंखा पहिल्या पंख्याच्या थोडा मागेच राहतो. ते मागे राहणे म्हणजे वाया गेलेले पेट्रोल आणि वाढलेली उष्णता. म्हणून कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच बसवला गेला. त्याला लॉक-अप क्लच म्हणतात. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये तो मोटारीत आणला आणि सत्तरच्या दशकात पेट्रोल महागल्यावर तो सर्रास दिसू लागला. गाडी वरच्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगात आणि पाय हलका असताना गाडीचा कॉम्प्युटर हा क्लच दाबतो आणि दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट बांधले जातात. आपली थरथर नेमकी याच क्षणी सुरू होते.

शाळेत फळ्यावर खडू तिरका धरला की किर्रर्र आवाज येऊन अंगावर काटा यायचा, ते आठवा. खडू तिथे सरळ घसरत नसतो. तो चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदात शेकडो वेळा होते. दोन पृष्ठभागांची स्थिर असतानाची पकड घसरतानाच्या पकडीपेक्षा जास्त झाली, की असे घडते. गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये काही रसायने मुद्दाम घातलेली असतात. त्यांचे काम हेच, की क्लच हळूच, मऊपणे धरला जावा, चिकटत-सुटत नव्हे. ऑईल जुने झाले, तापून तापून या रसायनांचा जीव गेला, की क्लच त्या खडूसारखा वागू लागतो. गाडीत बसलेल्याला ती थरथर वाटते.

पण थरथर म्हटली की लगेच गिअरबॉक्सकडे बोट दाखवू नये. गाडी हादरण्याची कारणे बरीच आहेत आणि त्यांतली काही फार स्वस्त आहेत. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल, तर ब्रेकच्या डिस्क पाहा. ॲक्सिलरेटर सोडला तरी ठरावीक वेगाला हादरा तसाच राहत असेल, तर टायर आणि व्हील बॅलन्सिंग. गाडी उभी, पाय ब्रेकवर, लिव्हर डी मध्ये असताना धडधड होते आणि एन मध्ये टाकताच कमी होते, तर बहुधा इंजिनचे फाउंडेशन गेले आहे. रबराचा तुकडा बदलायचा, संपले. जोरात पिकअप घेतानाच हादरा आला, तर ड्राईव्ह शाफ्टचा आतला जॉइंट बघावा.

खरा घोळ होतो तो मिसिंगशी. इंजिनचा एखादा सिलिंडर मधूनच पेटत नसेल, प्लग किंवा कॉइल कमजोर असेल, तर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला जो झटका बसतो, तो लॉक-अपच्या थरथरीसारखाच वाटतो. भलेभले मेकॅनिक इथे फसतात. गंमत अशी, की लॉक-अप सुटला की मिसिंगही कमी जाणवते, कारण मधले ऑईल झटके गिळून टाकते. म्हणून आधी स्कॅनर लावून मिसिंगचे कोड पाहावेत, प्लग काढून पाहावेत, आणि मग रस्त्यावर निघावे.

रस्त्यावरची परीक्षा मी एका गुरुजींच्या गाडीवर केली, ती सांगतो. गुरुजींचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक झालेला. राहायला जळगावला. पत्नीला उपचारासाठी दर पंधरवड्याला धुळ्याला न्यावे लागायचे. एसटीच्या पायऱ्या दोघांनाही जड. म्हणून साठवलेल्या पैशांतून एक बारा वर्षांची ऑटोमॅटिक सेडान घेतली होती. तिला ही थरथर लागली. एका गॅरेजने प्लग बदलले, मग कॉइल बदलल्या, मग टायर. शेवटी सांगितले, की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, खर्च लाखाच्या वर. गाडीची किंमतच तीन लाखांच्या आत. गुरुजी म्हणाले, "सर, गाडी विकायची तर फसवून विकावी लागेल, ते माझ्याने होणार नाही. आणि ठेवायची तर पैसे नाहीत."

एक गोष्ट त्यांनी अचूक टिपून ठेवली होती. घरून निघाल्यावर पहिली दहा मिनिटे काही होत नाही. बांभोरीचा गिरणा पूल ओलांडून पाळधीच्या पुढे गेले, की सुरू होते. मला ती खूण मोलाची वाटली. ऑईल पुरेसे तापल्याशिवाय कॉम्प्युटर लॉक-अप लावत नाही. टायर किंवा ड्राईव्ह शाफ्टला गाडी गार आहे की गरम, याच्याशी देणेघेणे नसते.

आम्ही सकाळी रहदारी कमी असताना जुन्या सहा नंबरच्या, आता त्रेपन्न नंबरच्या हायवेला लागलो. गाडी मी चालवत होतो, कारण या परीक्षेला डावा पाय लागतो. मागच्या सीटवर एक विद्यार्थी, मागून येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवायला. पाळधीच्या पुढे पासष्टच्या वेगाला थरथर आली. उजवा पाय होता तिथेच ठेवला आणि डाव्या पायाने ब्रेकचे पेडल नुसते टेकवले, मागचा लाल दिवा लागेल एवढेच. गाडी हळू व्हायला नको. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेकचा स्विच लागला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडून देतो. थरथर त्याच क्षणी थांबली आणि आरपीएमचा काटा शे-दोनशेने वर सरकला. पाय काढला, काही सेकंदांनी काटा खाली आला, थरथर पुन्हा हजर. एरंडोल येईपर्यंत तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच.

मिसिंगची शंका उरली होती, म्हणून गाडी धुळ्याच्या पुढे लळिंगच्या घाटात नेली. चढावर पाय जोरात दाबला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो आणि इंजिनवर मात्र पूर्ण भार येतो. मिसिंग असते तर गाडी तिथे सगळ्यात जास्त कुरकुरली असती. ती तक्रार न करता चढली. निदान झाले, लॉक-अप क्लच.

(काही ठिकाणी लिव्हर डी मध्ये टाकून, ब्रेक दाबून, ॲक्सिलरेटर तळाला नेऊन गिअरबॉक्सची ताकद बघतात. जुन्या गाडीवर हा प्रयोग करू देऊ नका. काही सेकंदांतच आतले ऑईल भयंकर तापते.)

घरी येऊन ऑईलची काडी काढली. नवे ऑईल सरबतासारखे लाल आणि पारदर्शक असते. हे चहासारखे तपकिरी होते, पण जळका वास नव्हता. ऑईलचा रंग गुलाबी दुधासारखा दिसला, तर मात्र गाडी जागेवरून हलवू नये. रेडिएटरमधले पाणी आतल्या आत गिअरबॉक्समध्ये शिरल्याची ती खूण असते, आणि क्लचवरच्या अस्तराचा गोंद पाण्याने सुटतो. गुरुजींच्या गाडीत ते नव्हते. खालचा बोल्ट काढल्यावर चुंबकावर करडा, काजळासारखा लेप निघाला. तो झिजेचा असतो, चालतो. चमकणारे तुकडे निघाले असते, तर त्या गॅरेजवाल्याचेच म्हणणे मान्य करावे लागले असते.

आधीच्या मालकाला कोणी तरी सांगितले होते, की हे ऑईल आयुष्यभर बदलावे लागत नाही. या एका वाक्याने जितके गिअरबॉक्स मारले, तितके खड्ड्यांनीही मारले नसतील. दुसरा घात चुकीच्या ऑईलने होतो. लाल दिसते म्हणून स्टिअरिंगचेच ऑईल गिअरबॉक्समध्ये ओतणारे मी पाहिले आहेत. गाडीच्या पुस्तकात जे नाव छापले आहे, तेच ऑईल हवे. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचे ऑईल तर पूर्ण वेगळे. आणि २०१४ पासून सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटी गाड्यांत कन्व्हर्टरच नसतो. तिथे साधा कोरडा क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबते. एएमटी गाडी उचलताना थरथरली, तर क्लचप्लेटच पाहावी. वरचे सगळे तिला लागू नाही.

बोल्ट काढून ऑईल सोडले, तरी साधारण निम्मेच बाहेर येते. उरलेले कन्व्हर्टरच्या पोटात राहते. म्हणून थोडे थोडे चालवून तीनदा बदलायचे. यंत्राने दाब देऊन एकदाच धुऊन काढण्याची पद्धत आहे, पण इतक्या जुन्या गाडीवर ती मला पसंत नाही. पहिल्या खेपेला गुरुजींच्या गाडीत फारसा फरक पडला नाही. दुसरीनंतर थरथर एका सेकंदावर आली. तिसरीनंतर महिनाभरात त्यांचा फोन आला, की धुळ्याला जाऊन आलो, थरथर शोधत होतो, सापडली नाही. खर्च दहा हजारांच्या आत झाला होता. दरवेळी हे जमतेच असे नाही. क्लचचे अस्तरच जळून काळे झाले असेल, तर ऑईल काय करणार? मग कन्व्हर्टर उतरवावाच लागतो. पण तेव्हाही आधी कन्व्हर्टर तपासायला सांगावे. पूर्ण गिअरबॉक्स बदलायची वेळ क्वचितच असते.

आपल्या भागात हे ऑईल पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर म्हातारे होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळतो, आणि ऑईल गार करण्याचे काम बहुतेक गाड्यांत रेडिएटरच करतो. त्यात आपल्याकडे कापूस. जिनिंगच्या दिवसांत धरणगाव-एरंडोलच्या रस्त्यावर ट्रॉल्यांतून उडालेली रुई पुढच्या जाळीत जाऊन बसते आणि धुळीबरोबर तिचा नमदा होतो. बाहेरून काही दिसत नाही. बॅटरी लावून एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बघावे लागते. गुरुजींच्या गाडीतून अशी ओंजळभर रुई निघाली. होळीच्या सुमारास एकदा ती जाळी आतल्या बाजूने, हलक्या पाण्याने धुवावी. जोराचा फवारा मारू नये, पाती वाकतात.