पुढच्या चाकाची खुळखुळ

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आलं. पण शहराच्या या कडेला ट्रॅक्टर अजून लागतो, आणि तो दुरुस्तीला आला की ‘पुढचं चाक खुळखुळतंय’ ही नेहमीची तक्रार असते.

मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. मागच्या चाकांना दगड लावतो, पुढचा एक्सल जॅकने उचलतो आणि खाली लाकडी ठोकळे सारतो, कारण नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणं धोक्याचं. मग चाक वरून-खालून धरून हलवतो. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला म्हणून बेअरिंगच गेलं असं नाही. चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बुश झिजले तरी चाक असंच डुलतं. म्हणून मदतनीस मागून बघतो. हब एकटंच हललं तर बेअरिंग, हब ज्यावर बसतं तो स्टब एक्सलही बरोबर हलला तर किंगपिन. एवढ्या तपासणीने शेतकऱ्याचा नाहक खर्च वाचतो.

बेअरिंगच असेल तर एकेक भाग निघतो: ग्रीस कॅप, स्प्लिट पिन, खाचांचा नट, वॉशर. बाहेरचं लहान बेअरिंग अलगद हातात येतं. हब ओढून काढलं की आतलं मोठं बेअरिंग आणि त्याच्या मागचं ऑइल सील दिसतं.

“मामा, चिखलणी केली होती का?”

“मुळशीला, पाहुण्यांच्या खाचरात.”

हा प्रश्न त्याला ग्रीसने सुचवलेला असतो. ग्रीस दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलंय. चंदेरी चमकत असेल तर पोलाद झिजून त्यात मिसळलंय. रोलर निळसर पडले असतील तर ग्रीसवाचून किंवा नट जादा आवळल्याने ते तापलेत. रोलरवरचे गंजाचे बारीक खड्डे पुन्हा पाण्याकडेच बोट दाखवतात. बेअरिंगचा जीव बहुतेकदा सीलच्या झिजलेल्या रबरी ओठातून जातो. तरी अनेक जण महागडं बेअरिंग नवं घेतात आणि सील जुनंच ठेवतात. ही काटकसर नाही, पुढच्या दुरुस्तीची तयारी आहे.

हे बेअरिंग टॅपर रोलरचं, म्हणजे निमुळत्या रोलरचं. अमेरिकेत बग्ग्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी त्याचं पेटंट १८९८ मध्ये घेतलं. गाडी वळताना चाकावर बाजूने येणारा रेटा साध्या बेअरिंगला झेपत नसे. तिरपे रोलर वरचं वजन आणि हा रेटा दोन्ही पेलतात. हबमध्ये अशी दोन बेअरिंगं समोरासमोर बसतात.

पुण्याला ही वस्तू परकी नाही. चिंचवडला बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफचा कारखाना १९६०च्या दशकापासून आहे. दुकानात मात्र ट्रॅक्टरचं नाव सांगून भागत नाही, बेअरिंगवर कोरलेला नंबर लागतो. उदाहरणार्थ ३०२०६: शेवटच्या ०६ ला पाचाने गुणलं की आतलं भोक ३० मिलिमीटर.

जुना कप, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं, हबमध्ये घट्ट रुतलेला असतो. पितळी पंचाने आलटूनपालटून समोरासमोर ठोकत तो बाहेर काढतात. नवा कोन, म्हणजे रोलरसकट आतलं कडं, जुन्या कपात घालायचा नाही, ही जोडी एकत्रच बदलायची. नवा कप ठोकताना जुनाच वर ठेवतात, म्हणजे नव्याला हातोडी लागत नाही. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. मिस्त्री कानानेच ओळखतो.

मग तळहातावर ग्रीस घेऊन कोनची रुंद बाजू त्यावर दाबत राहायची, पलीकडून ग्रीस डोकावेपर्यंत. वरून नुसतं फासलेलं ग्रीस रोलरच्या मुळाशी पोहोचत नाही.

खरी कसोटी नटाची. चाक फिरवत नट आवळतात, म्हणजे रोलर जागेवर बसतात. नंतर तो किंचित सैल करून जवळच्या खाचेत नवी स्प्लिट पिन घालतात. जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, ढिला राहिला तर खुळखुळ परत येते. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हलवल्यावर प्ले जेमतेम जाणवला पाहिजे.

ठोकळे निघतात, ट्रॅक्टर खाली उतरतो. “मामा, दिवसभर चालवा आणि संध्याकाळी हबला हात लावून बघा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर इकडे आणा.”